जप्ती आणि शेतकऱ्याची बैलजोडी

मृगाचा पाऊस पडून गेला आहे, जमिनीला वाफसा आला आहे, बियाणे घरात तयार आहे; आणि नेमक्या अशा वेळी जप्तीचा हुकूम घेऊन न्यायालयाचा बेलीफ दारात उभा राहतो. असा प्रसंग कोणावरही येऊ नये. पण आलाच तर काय करावे, हे फार थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक असते. कोणी रातोरात बैल सोयऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधतो, तर कोणी गांगरून जाऊन कायद्याने ज्याला हात लावता येत नाही, तेही मुकाट्याने देऊन टाकतो. पहिला मार्ग गुन्ह्याकडे नेतो व दुसरा उपासमारीकडे. म्हणून जप्ती म्हणजे काय, तिची मर्यादा कोठे आहे आणि ती मर्यादा कोणी दाखवून द्यावयाची, याचा विचार शांत वेळी करून ठेवणे हिताचे आहे.

मागील अनुभव

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला या शब्दाची ओळख फार जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी १८६५ नंतर ओसरली, भाव पडले, सारा मात्र वाढला. सावकाराचे खत, त्यावरचा हुकूमनामा आणि त्यापाठोपाठ जप्ती, या चक्रात पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील रयत सापडली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांचा उद्रेक झाला आणि सावकारांची खते व वह्या जाळण्यात आल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला व १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, ती साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त करून विकता येणार नाही, असे त्यात ठरले. तो कायदा आज अस्तित्वात नाही. परंतु कर्जाची वसुली व्हावी, पण शेतकऱ्याचे जगण्याचे साधन हिरावले जाऊ नये, हे तत्त्व मात्र टिकून राहिले आहे.

जप्ती केवळ सावकारामुळे येते असे नाही. १९२८ साली गुजरातेतील बारडोली तालुक्यात सुमारे २२ टक्के सारावाढीविरुद्ध शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले, तेव्हा सरकारने म्हशी व जमिनी जप्त केल्या. शेवटी चौकशी होऊन सारावाढ बरीच कमी करण्यात आली व जमिनी मूळ मालकांना परत मिळाल्या.

कशाला हात लावता येत नाही ?

आज दिवाणी हुकूमनाम्याची बजावणी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे होते. तिच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तू दिल्या आहेत. ऋणको शेतकरी असेल तर शेतीची अवजारे आणि उपजीविकेसाठी आवश्यक आहेत असे न्यायालयास वाटेल तेवढी जनावरे व बियाणे जप्त करता येत नाहीत. शेतकरी स्वतः राहतो ते त्याचे घर, अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे दागिने, यांनाही हेच संरक्षण आहे. ही सवलत आपण सोडून देतो असे कोणी कर्ज घेताना लिहून दिले असले, तरी ते लिहिणे कायद्याने निरर्थक आहे.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली, 'आवश्यक' या शब्दाला अर्थ आहे. चार एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्याची एक बैलजोडी वाचेल. पण दावणीला चार जोड्या असतील तर सर्वच वाचतील असे समजू नये. दुसरी, जी वस्तू किंवा जे घर त्याच कर्जासाठी तारण अथवा गहाण दिलेले आहे, त्याला या कलमाचा आधार सहसा मिळत नाही. म्हणून राहते घर गहाण देताना शंभर वेळा विचार करावा.

उभे पीक

उभे पीक जप्त होऊ शकते. अशा वेळी हुकुमाची एक प्रत शेतात व एक प्रत घराच्या दाराला लावली जाते. पीक कापून झाले असेल तर खळ्यावर किंवा गंजीवर प्रत लावतात. मात्र जप्ती झाली म्हणून शेताकडे पाठ फिरवू नये. न्यायालयाच्या अटी पाळून पिकाची राखण, खुरपणी, कापणी व साठवण करण्याची मुभा शेतकऱ्याला असते. त्याने ती केली नाही, तर धनको न्यायालयाच्या परवानगीने ती करून घेतो आणि तो खर्चही शेतकऱ्याच्याच माथी बसतो. पीक कापले म्हणजे जप्ती उठली, हा समजही चुकीचा आहे. ज्वारीसारखे साठविण्याजोगे पीक कापून तयार होण्यापूर्वी विकता येत नाही; आणि जे साठवून ठेवता येत नाही, ते काढणीस येण्याच्या आधीच्या वीस दिवसांत जप्त करता येत नाही.

दारात बेलीफ आल्यावर

सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात प्रवेश करता येत नाही. दिवसा आलेल्या माणसाकडे हुकूम पाहावयास मागावा, रक्कम व दरखास्तीचा क्रमांक टिपून घ्यावा. वगळलेल्या वस्तू तेथेच दाखवून द्याव्यात व तशी नोंद करण्यास सांगावे. हातघाईवर येऊ नये. जनावरे वा अवजारे हलविणे सोयीचे नसेल, तर ती गावातच जबाबदार माणसाच्या, प्रसंगी खुद्द ऋणकोच्याही ताब्यात ठेवण्याची तरतूद आहे. नेलेला बैल भावाचा किंवा शेजाऱ्याचा असेल तर खऱ्या मालकाने न्यायालयात विनाविलंब हरकत नोंदवावी. जप्तीनंतर माल परस्पर विकला तर तो व्यवहार धनकोच्या हक्कापुढे टिकत नाही.

जमिनीची जप्ती असेल तर ती विकण्यास किंवा गहाण देण्यास मनाई करणारा हुकूम निघतो, त्याची दवंडी पिटली जाते व ग्रामपंचायतीतही प्रत लावली जाते. एवढ्याने जमीन गेली असे होत नाही. हुकूमनाम्याची रक्कम खर्चासह भरल्यास जप्ती उठते. देणे भागविण्यास जमिनीचा एक तुकडा पुरेसा असेल तर तेवढाच विकावा, असा आग्रह शेतकऱ्याला धरता येतो. लिलाव झाल्यावरही ६० दिवसांच्या आत घोषणेतील रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या पाच टक्के रक्कम न्यायालयात भरून लिलाव रद्द करून घेता येतो.

शेतसारा व तत्सम थकबाकीची वसुली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे महसूल अधिकारी करतात. दिवाणी न्यायालयाच्या जप्तीतून वगळलेल्या जंगम वस्तूंना तेथेही संरक्षण आहे. सहकारी संस्थेचे कर्ज थकल्यास निबंधकाच्या वसुली दाखल्यावरून जप्ती होऊ शकते. म्हणून त्या चौकशीची नोटीस आल्यास हजर राहून आपले म्हणणे लेखी द्यावे.

शेवटचा शब्द

वर सांगितलेली बहुतेक संरक्षणे आपोआप पदरात पडत नाहीत; ती मागावी लागतात. समन्स आल्यावर ते कोनाड्यात टाकून देणारा शेतकरी निम्मा दावा तेथेच हरतो. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती, सातबाऱ्याचा उतारा व आलेली प्रत्येक नोटीस एका पिशवीत जपून ठेवावी. ज्यांची ऐपत नाही त्यांना, तसेच स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळू शकतो. घेतलेले कर्ज फेडणे हे कर्तव्यच आहे. परंतु ते फेडावयाचे तर शेत पिकले पाहिजे, आणि शेत पिकावयाचे तर पेरणीच्या दिवशी बैल दावणीला आणि बी घरात असले पाहिजे. कायद्याने हे ओळखले आहे. शेतकऱ्यानेही ते ओळखून वेळीच बोलावे.