सोळापट लहान रणगाडा, चौपट घाईची हालचाल

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तर येथे पाकिस्तानी पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत रुतले. त्यांना टिपणाऱ्यांत भारताचे सेंच्युरियन होते. हा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा आज अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जवळून पाहता येतो. त्याची रेडिओवर चालणारी प्रतिकृती एक-सोळांश प्रमाणात करायला घेतली, की एक अडचण हमखास पुढे येते. लांबी-रुंदी सोळाने भागता येते, गुरुत्वाकर्षण भागता येत नाही.

आधी वजन पाहू. खरा सेंच्युरियन सुमारे ५२ टनांचा, ३.४ मीटर रुंद. प्रतिकृतीची रुंदी २१ सेंटिमीटर होते, पण घनफळ सोळाच्या घनाने, म्हणजे ४,०९६ पटींनी घटते. त्या हिशेबाने वजन पावणेतेरा किलोंच्या आसपास हवे. नुसत्या प्लॅस्टिकने ते भरत नाही, म्हणून जाणकार पट्टे धातूचे बसवतात आणि तळाशी वजने ठेवतात. तरीही जमिनीवरचा दाब खऱ्याच्या सोळांशच राहतो, कारण पट्ट्यांचे क्षेत्रफळ २५६ पटच घटलेले असते. ओल्या मातीत खोल चर उमटत नाहीत ते यामुळेच.

खरी कसोटी हालचालीत लागते. ३.२ मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर यायला ०.८ सेकंद घेते, २० सेंटिमीटरवरून पडणारी ०.२ सेकंद. उंची सोळाने घटली, वेळ मात्र चारने. खरा रणगाडा उंचवटा ओलांडून स्प्रिंगांवर एकदा डुलतो, तेवढ्यात प्रतिकृती चारदा डुलते आणि पाहणारा क्षणात म्हणतो, खेळणे आहे! चित्रपटवाले अशा प्रतिकृतीचे चित्रण सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटींनी करत आणि पडद्यावर ती संथ, भारदस्त दिसे. अंगणात ही सोय नाही. तिथे मोटरचा वेग हळूहळू चढवणारा-उतरवणारा वेगनियंत्रक आणि हेलकावे जिरवणारे डँपर कामी येतात.

ताकदीचा प्रश्न मात्र सहज सुटतो. खऱ्या सेंच्युरियनच्या ६५० अश्वशक्तीच्या मीटिऑर इंजिनाचे काम याच गणिताने जेमतेम ३० वॉटवर येते. दोन पट्ट्यांना दोन स्वतंत्र मोटरी दिल्या, की एक थांबवून दुसरी चालवता येते आणि गाडी वळते.

मला सर्वांत मोहवते ती तोफ. सेंच्युरियन चालता असतानाही त्याची तोफ स्थिरकाच्या मदतीने नेम धरून राही. प्रतिकृतीत हे काम गायरो आणि सर्व्हो करतात. गायरो कल टिपतो, सर्व्हो तोफेची नळी तितकीच उलट दिशेने हलवतो. पण गाडीच चौपट वेगाने डुलत असल्याने सर्व्होही तितकाच चपळ लागतो. स्वस्तातला सर्व्हो मागे पडतो आणि तोफ थरथरत राहते.

बोल्टांची संख्या जुळवण्यात महिने घालणाऱ्या मित्रांनो, त्यातला निम्मा वेळ वेगनियंत्रक आणि डँपर जुळवण्याला द्या. चार हातांवरून बोल्ट दिसत नाहीत, चाल दिसते.