एक मूळ, दोन प्रती : निबंध व स्लाइड्स यांच्या पाठशुद्धीविषयीं

जुन्या कागदांच्या अभ्यासकांस पाठभेद म्हणजे काय, हें सांगावयास नको. एका पोथीवरून दोन नकला उतरल्या, एकींत शोधन झालें व दुसरींत राहून गेलें, कीं पुढील संशोधकाच्या वांट्यास वाद येतो. हाच दोष आज आपण आपल्याच लेखनांत उत्पन्न करीत आहों.

आमचाच अनुभव सांगतों. एका मोडी पत्रांतील सन आम्हीं प्रथम ‘खमस मया व अलफ’ असा वाचला; म्हणजे सुहूर ११०५, इसवी १७०४-०५. मूळ कागद पुन्हां पाहतां तो ‘खमसैन’, म्हणजे ११५०, इसवी १७४९-५० ठरला. निबंधांत दुरुस्ती केली. परंतु सभेकरितां केलेल्या स्लाइड्स निराळ्या फाइलींत होत्या, त्यांत जुनाच सन राहिला व श्रोत्यांनीं तोच टिपून घेतला. वाचनाची चूक सुधारली होती, नकलेची राहिली.

यावर उपाय म्हणजे दोन्ही रूपें एकाच मूळ फाइलींतून काढणें. लाटेक या अक्षरजुळणीच्या पद्धतींत ‘बीमर’ नांवाचें साधन आहे. टिल टांटाउ यांनीं तें २००३ सालीं आपल्या पीएच.डी.च्या परीक्षेकरितां प्रथम रचिलें. त्याची रीत अशी. सर्व निबंध एका फाइलींत लिहून, पडद्यावर दाखवावयाचा तेवढा भाग ‘फ्रेम’ या खुणांत बांधावा. मग थोड्या ओळींच्या दोन फाइली करून दोहोंतही ती मूळ फाइल ओढून घ्यावी. पहिली बीमर वर्गाची. तींत फ्रेमबाहेरील मजकूर वगळण्याची आज्ञा दिली म्हणजे केवळ स्लाइड्स निघतात. दुसरी साध्या निबंधवर्गाची. तींत ‘बीमरआर्टिकल’ जोडलें म्हणजे फ्रेममधील मजकूर इतर परिच्छेदांत मिळून सलग छापील लेख होतो. तळटीपा लेखापुरत्या व पत्राचें मोठें छायाचित्र पडद्यापुरतें ठेवण्याचीही सोय आहे. देवनागरीकरितां योग्य टंक घेऊन दोन्ही फाइली झीलाटेकनें चालवाव्या.

एक सावधगिरी मात्र अवश्य. तोच सन फ्रेमच्या आंत व बाहेर असा दोनदां लिहिला, तर एका फाइलींतही पाठभेद शिरतो. म्हणून सन, नांवें व वादग्रस्त वाचनें आरंभीं एकदांच नवी आज्ञा म्हणून नोंदावीं व सर्वत्र ती आज्ञाच वापरावी. शोधन होतांच दोन्ही प्रती पुन्हां काढाव्या.

चुकीचें वाचन कोणतेंही यंत्र शुद्ध करणार नाहीं. तें काम मूळ कागदासमोर बसूनच व्हावयाचें. पण एकदां केलेलें शोधन दोन्ही प्रतींत उतरेल, एवढी हमी या रीतीनें मिळते.