पावसाळी पेरूचा मोह आणि फळमाशी

तीन वर्षांपूर्वी बदलीमुळे वडोदऱ्यास येणे झाले आणि भाड्याच्या घरासोबत परसातले पेरूचे झाडही वाट्याला आले. येथे पेरूला जामफळ म्हणतात. झाड ‘लखनौ-४९’ अर्थात ‘सरदार’ या वाणाचे आहे, असे घरमालकांनी सांगितले. (नावात लखनौ असले तरी या वाणाची निवड १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात झाली होती. परमुलखात अशी ओळख निघाली की बरे वाटते.) पहिल्याच श्रावणात झाड लगडले. मुलीने हौसेने तोडलेले पिवळेधमक फळ कापले, तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या फळातही तेच! त्यानंतर कित्येक दिवस तिने पेरूला हात लावला नाही. घरमालकांनी झाड तोडण्याची मुभा दिली. एका दुकानदाराने फवारणीचे औषध पुढे केले. आम्ही दोन्ही टाळले. का, ते सांगण्यासाठी आधी या किडीची राहणी सांगावयास हवी.

हा उपद्रव फळमाशीचा. घरमाशीहून किंचित लहान, तपकिरी-पिवळसर अशी ही माशी पक्वतेकडे झुकलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. तेथे टाचणीच्या टोकाएवढा खोलगट डाग राहतो. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडून गर पोखरू लागतात, फळ आतून सडते व गळून पडते. पूर्ण वाढलेली अळी फळातून निघून जमिनीत शिरते, तेथे कोषात जाते आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून नवी माशी बाहेर येते. उष्ण व दमट हवेत हे सारे चक्र तीन-चार आठवड्यांत पुरे होते. म्हणजे झाडाखाली पडू दिलेले एक सडके फळ ही चक्रवाढ व्याजाची ठेवच; आम्हा बँकवाल्यांना याहून निराळी उपमा कशी सुचणार? अळी गराच्या आत सुरक्षित असल्याने वरवरचा फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट मुले जे फळ तोडून तसेच तोंडात घालतात, त्याच्या सालीवर मात्र विष राहते.

म्हणून पहिला उपाय झाडावर नसून झाडाखाली आहे. गळलेली फळे रोज सकाळी वेचावीत आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, काही दिवस कडक उन्हात ठेवावीत. किंवा दीड-दोन फूट खोल पुरावीत. खताच्या ढिगावर टाकणे म्हणजे माश्यांची सोय करण्यासारखेच. बुंध्याभोवतीची माती अधूनमधून खुरप्याने हलवली की कोष उघडे पडतात. पुढचे काम मुंग्या आणि पाखरे करतात.

मिथाईल युजेनॉलचे सापळे बाजारात मिळतात. ते उपयोगी आहेत. पण त्यांकडे केवळ नर आकर्षित होतात. सापळ्यात पडलेला माश्यांचा खच पाहून आपण निर्धास्त होतो, आणि शेजारच्या आवारातून आलेली मादी अंडी घालून जाते. आळीतील चार-सहा घरांनी मिळून, फळे पिकू लागण्यापूर्वीच सापळे लावले तर त्यांचा खरा गुण दिसतो.

एकट्यादुकट्या झाडासाठी खात्रीचा उपाय पिशवीचा. फळ लिंबाएवढे, हिरवे व टणक असतानाच त्यावर पातळ कापडाची पिशवी चढवून देठाशी सैलसर बांधावी. वर्तमानपत्राचा कागद कोरड्या दिवसांत चालतो, पावसात त्याचा लगदा होतो. बांधण्यापूर्वी देठाजवळ पिठ्या ढेकूण नाहीत ना, हे पाहून घ्यावे. अन्यथा त्यांनाच आयता निवारा मिळतो. आमचा पहिल्या वर्षाचा हा धडा.

तथापि माझे मत विचाराल तर पावसाळी बहाराचा मोहच सोडावा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येणाऱ्या फुलांची फळे ऐन पावसात, म्हणजे माशीच्या भरभराटीच्या काळात तयार होतात. ती चवीलाही पाणचट असतात. ही फुले आम्ही हाताने खुडतो, त्या दिवसांत पाणी तोडतो आणि मे महिन्यात फांद्यांचे शेंडे थोडे छाटतो. मग जून-जुलैत नव्या फुटीवर फुले येतात आणि नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत फळे हाती लागतात. थंडीत माशीचा जोर ओसरतो व फळाची गोडी वाढते. फुले खुडताना जीव हळहळतो, हे मात्र खरे.

या हिवाळी फळांची येथे भाजी करतात. शेजारच्या बांनी ती माझ्या पत्नीस शिकवली. घट्टसर पिकलेल्या पेरूचा बियांचा गाभा काढून फोडी कराव्यात. तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करून हळद, तिखट, धणे-जिरेपूड घालावी, फोडी परतून थोडे पाणी घालावे आणि शिजत आल्या की गूळ व मीठ घालावे. गरम पोळीबरोबर ही आंबटगोड भाजी झकास लागते.

उरलेल्या फळांची जेली. पेरूत पेक्टिन भरपूर असते, आणि किंचित कच्च्या फळात ते अधिक. म्हणून चार पिकलेल्या फळांत एक-दोन हिरवट फळे अवश्य असावीत. काप बुडतील इतक्या पाण्यात लिंबाचा रस घालून अर्धा तास उकळावे व मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवावे. फडके पिळू नये, पिळल्यास जेली गढूळ होते. निथळलेल्या रसाच्या पाऊणपट साखर घालून मोठ्या आचेवर आटवावे. चमचा तिरपा धरल्यावर थेंब सुटे न पडता एकत्र होऊन पडद्यासारखे ओघळले, की लगेच उतरवून कोरड्या बाटलीत भरावे. रंग माणकासारखा येतो. गेल्या जानेवारीत अशा तीन बाटल्या झाल्या. त्यांतली एक मुलीने चिठ्ठी लावून घरमालकांकडे पोहोचवली.