बूटवेळी नेटवर्क साठवण जोडणी (लिनक्स)

बूटवेळी नेटवर्क साठवण जोडणी म्हणजे लिनक्स कार्यप्रणाली सुरू होत असतानाच दुसऱ्या संगणकावरील फायली किंवा डिस्क नेटवर्कमार्फत स्थानिक निर्देशिकेत उपलब्ध करून देण्याची प्रक्रिया होय. या क्रियेस 'माउंट करणे' आणि त्या निर्देशिकेस 'माउंट बिंदू' म्हणतात. संगणकातील डिस्क सुरुवातीपासूनच उपलब्ध असते. नेटवर्कवरील साठवण मात्र नेटवर्क कार्ड, स्विच, नामसेवा (डीएनएस) आणि सर्व्हर हे सर्व सज्ज झाल्यावरच हाती येते. यातील एखादा घटक मागे राहिल्यास संगणक सुरू होण्यास विलंब होतो, तो आणीबाणी अवस्थेत थांबतो, किंवा साठवण न जोडताच पुढे जातो. तिसरा प्रकार लगेच लक्षात येत नाही व त्यात विदा चुकीच्या जागी लिहिली जाऊ शकते. त्यामुळे तो सर्वाधिक धोकादायक ठरतो.

साठवणीचे प्रकार

एनएफएस ही फायली सामायिक करण्याची पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये विकसित केली. तिच्या चौथ्या आवृत्तीस सर्व्हरवरील २०४९ हे एकच पोर्ट पुरते. तिसऱ्या आवृत्तीस याशिवाय १११ क्रमांकाच्या पोर्टवरील 'आरपीसीबाइंड' व इतर साहाय्यक सेवा लागतात. विंडोज संगणकांशी देवाणघेवाण करण्यासाठी एसएमबी पद्धत (पोर्ट ४४५) वापरली जाते. आयस्कझी पद्धतीत (पोर्ट ३२६०) फायलींऐवजी संपूर्ण डिस्कच नेटवर्कवरून मिळते व तिच्यावर ईएक्सटी४ सारखी नेहमीची फाइल प्रणाली असते.

कार्यपद्धती

कोणती साठवण कोठे जोडायची याची यादी 'एफएसटॅब' या फायलीत असते. बहुतेक आधुनिक वितरणांत सिस्टीमडी ही व्यवस्था बूटवेळी ही यादी वाचून प्रत्येक ओळीसाठी एक माउंट घटक तयार करते. स्थानिक फाइल प्रणाली 'लोकल-एफएस' या टप्प्यात, तर नेटवर्कवरील फाइल प्रणाली 'रिमोट-एफएस' या टप्प्यात जोडल्या जातात.

एनएफएस व एसएमबी यांचे नेटवर्क-स्वरूप नावावरूनच ओळखले जाते. आयस्कझी डिस्कवरील ईएक्सटी४ प्रणाली मात्र स्थानिक डिस्कसारखीच दिसते. तिच्या ओळीत '_नेटडेव्ह' हा पर्याय नसल्यास नेटवर्क सुरू होण्यापूर्वीच त्या डिस्कची वाट पाहिली जाते. सामान्यतः ९० सेकंदांनी ही मुदत संपते आणि संगणक आणीबाणी अवस्थेत जातो. रूट खाते कुलूपबंद असल्यास तेथून दुरुस्तीसाठी प्रवेशही मिळत नाही.

बिघाडाची कारणे

नेटवर्क सज्ज होण्याचा अर्थ : सिस्टीमडीमध्ये 'नेटवर्क' व 'नेटवर्क-ऑनलाइन' हे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिल्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली एवढाच होतो. पत्ता मिळाला असेलच असे नाही. दुसरा टप्पा प्रत्यक्ष जोडणीची वाट पाहतो, परंतु त्यासाठी वापरात असलेल्या नेटवर्क व्यवस्थापकाची 'वेट-ऑनलाइन' सेवा कार्यान्वित असावी लागते. वापरकर्त्याच्या लॉगिननंतरच जुळणारी वाय-फाय जोडणी बूटवेळी उपयोगी पडत नाही.

स्विचचा विलंब : स्पॅनिंग ट्री या नियमसंचाच्या मूळ आवृत्तीनुसार स्विचचे पोर्ट ऐकणे व शिकणे या दोन अवस्थांत प्रत्येकी १५ सेकंद घालवते. या ३० सेकंदांत तार जोडलेली दिसते, पण माहिती पुढे जात नाही. संगणकाकडे जाणारे पोर्ट 'एज' प्रकारचे ठरवल्यास हा विलंब टळतो.

सर्व्हरची सज्जता : वीज खंडित होऊन परतल्यावर सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू होतात आणि क्लायंट अनेकदा सर्व्हरच्या आधी तयार होतो. सर्व्हर सुरू झाल्यानंतरही एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत जुन्या क्लायंटना आपली फाइल कुलपे परत मागता यावीत म्हणून सवलतीचा काळ असतो. लिनक्स सर्व्हरवर तो सामान्यतः ९० सेकंदांचा असतो व तोवर नवी कुलपे मिळत नाहीत.

निदान

तपासणी क्लायंटपासून सर्व्हरकडे, एकेक पायरीने केली जाते. 'सिस्टीमसीटीएल' या आज्ञेने अयशस्वी घटकांची यादी, तर 'जर्नलसीटीएल'ने त्या बूटमधील नोंदी मिळतात. विलंब कोणत्या घटकामुळे झाला हे 'सिस्टीमडी-अ‍ॅनलाइझ' दाखवते. एफएसटॅबमधील लेखनदोष 'फाइंडएमएनटी'च्या पडताळणी पर्यायाने सापडतात.

त्रुटीचा मजकूरही दिशा दाखवतो. सर्व्हरचे नाव न उलगडल्यास दोष नामसेवेत किंवा अद्याप न जुळलेल्या नेटवर्कमध्ये असतो. जोडणी नाकारली गेल्यास बहुधा सर्व्हर चालू असून त्यावरील सेवा बंद असते. उत्तरच न येता मुदत संपल्यास फायरवॉल, स्विच किंवा बंद सर्व्हर यांचा संशय घ्यावा लागतो. परवानगी नाकारल्याचा संदेश सर्व्हरवरील सामायिकीकरणाच्या यादीकडे निर्देश करतो.

बूटनंतर हाताने माउंट केल्यावर साठवण त्वरित जोडली गेल्यास पत्ता व परवानगी बरोबर असल्याचे सिद्ध होते. अशा वेळी दोष बहुधा क्रमाचा वा वेळेचा असतो.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

'नोफेल' हा पर्याय दिल्यास साठवण न मिळाल्यानेही बूट थांबत नाही. मात्र त्यामुळे माउंट घटकाचा 'रिमोट-एफएस' टप्प्याशी असलेला क्रमही सुटतो. त्या टप्प्यानंतर सुरू होणारा डेटाबेस किंवा बॅकअप कार्यक्रम साठवण जोडली जाण्यापूर्वीच चालू होऊ शकतो. माउंट बिंदू ही स्थानिक डिस्कवरील एक साधी रिकामी निर्देशिका असल्यामुळे तो कार्यक्रम कोणतीही त्रुटी न दाखवता तेथेच लिहू लागतो. नंतर साठवण जोडली गेली की या फायली तिच्याखाली झाकल्या जातात. बॅकअप झाल्याची नोंद राहते, पण तो सर्व्हरवर नसतो. शिवाय स्थानिक डिस्क भरल्याचे कारणही सहज सापडत नाही.

हे टाळण्यासाठी अवलंबून असलेल्या सेवेच्या व्याख्येत 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' ही सूचना देतात. त्यामुळे ती सेवा माउंट यशस्वी झाल्यावरच सुरू होते. केवळ 'आफ्टर' या सूचनेने क्रम ठरतो, आवश्यकता ठरत नाही. माउंट अयशस्वी झाले तरी सेवा सुरू होते. जादा संरक्षण म्हणून, साठवण जोडलेली नसताना रिकाम्या माउंट बिंदूस 'चॅटर' आज्ञेने अपरिवर्तनीय केल्यास तेथे चुकून लिहिले जात नाही.

'एक्स-सिस्टीमडी.ऑटोमाउंट' या पर्यायाने बूटवेळी फक्त माउंट बिंदूवर पहारा बसतो आणि निर्देशिकेचा प्रथम वापर होताच साठवण जोडली जाते. सर्व्हर तेव्हाही बंद असल्यास मागणी करणाऱ्या कार्यक्रमास त्रुटी मिळते. त्याचे लेखन खालच्या निर्देशिकेत जात नाही.

एनएफएसमधील 'हार्ड' हा मूळ पर्याय, एकदा जोडलेला सर्व्हर बंद पडल्यास, तो परत येईपर्यंत कार्यक्रमास थांबवून ठेवतो. 'सॉफ्ट' पर्याय ठरावीक प्रयत्नांनंतर त्रुटी देतो, परंतु अर्धवट लेखनामुळे विदा बिघडू शकते. त्यामुळे जेथे लेखन होते तेथे 'हार्ड' पर्याय राखणे योग्य मानले जाते.

एफएसटॅब बदलल्यानंतर सिस्टीमडीस ती पुन्हा वाचण्याची आज्ञा द्यावी लागते. बदलाची खरी कसोटी मात्र संगणक पुन्हा सुरू करूनच लागते. सर्व्हर बंद असतानाही एकदा बूट करून पाहिल्यास साठवणीवर अवलंबून असलेल्या सेवा खरोखर थांबून राहतात की नाही, हे कळते.