दगडाचा सी. टी. स्कॅन

सी. टी. स्कॅन म्हटले की आपल्यासमोर रुग्णालय उभे राहते. परंतु हेच तंत्र खडक, माती आणि जीवाश्म यांच्या अभ्यासातही वापरले जाते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या भूविज्ञान शाखेत, ऑस्टिन येथे, १९९७ पासून अशी प्रयोगशाळा आहे.

लहान मुलाचा स्कॅन सांगताना आम्हा बालरोगतज्ज्ञांना दोन चिंता असतात : मूल स्थिर राहील का, आणि क्ष-किरणांची मात्रा किती होईल? दगड हलत नाही. म्हणून तेथे बहुधा नमुनाच चकतीवर फिरवतात आणि प्रतिमा तासन्‌तास घेतात. छोट्या नमुन्यात मिलिमीटरच्या काही सहस्रांशापर्यंतची छिद्रे दिसतात. नमुना मोठा झाला की हा बारकावा कमी होतो. शिवाय दाट खडकाच्या कडा प्रत्यक्षापेक्षा उजळ दिसून घनतेचा आभास निर्माण करतात.

मात्रेची चिंताही तेथे पूर्णपणे सुटत नाही. काही स्फटिकांत साठलेल्या किरणोत्सर्गावरून त्यांचे वय काढतात. असा नमुना आधी स्कॅन केला, तर ते कालमापनच बिघडते. म्हणून प्रयोगशाळा सांभाळणारा प्रथम विचारतो, ‘‘आपल्याला नेमके काय पाहायचे आहे? आणि यानंतर याच्यावर कोणती तपासणी करायची आहे?’’

त्याचे दुसरे कर्तव्य म्हणजे मूळ प्रतिमा जतन करणे. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘ल्युसी’च्या अस्थी २००८ मध्ये ऑस्टिनला दहा दिवस स्कॅन झाल्या, ३५ हजारांहून अधिक छेदप्रतिमा मिळाल्या. खांद्याच्या अस्थिभंगावर अस्थिशल्यविशारदाचेही मत घेऊन, ती झाडावरून पडून मरण पावली असावी, असा निष्कर्ष २०१६ मध्ये मांडला गेला. तिचा शोध लावणारे डोनाल्ड जोहानसन यांच्यासह अनेकांना तो पटला नाही. मात्र खांद्याच्या व गुडघ्याच्या अस्थींच्या त्रिमितीय प्रतिकृती खुल्या झाल्याने इतरांनाही तो पडताळता आला.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात, असे मला वाटते. प्रश्न निश्चित झाल्याखेरीज किरण सोडू नयेत. सोनोग्राफीने उत्तर मिळत असेल, तर वाढत्या वयाच्या मुलाला स्कॅनला पाठवू नये. आणि पालकांनी केवळ अहवाल नव्हे, तर स्कॅनची सी. डी.ही जपून ठेवावी व पुढच्या डॉक्टरांना दाखवावी. जुन्या प्रतिमा हाताशी असल्या, तर पुष्कळदा नवा स्कॅन टळतो.