गोळ्या दिल्या, सांगायचे राहिले

आमच्या वस्तीवर कुणाच्याही घरी दवाखान्यातून औषध आले, की ती पिशवी संध्याकाळी आमच्या ओट्यावर येते. ‘कालेजात जातोस ना, वाच बरं काय लिवलंय,’ असे म्हणून थोरली माणसे समोर बसतात. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला औषधातले काय कळणार, असा प्रश्न त्यांना पडत नाही. इंग्रजी अक्षरे लागणारा घरात आणि आसपास मीच पहिला, एवढे त्यांना पुरते. या कामात माझ्याकडून एकदा चूक झाली आणि तेव्हापासून मी या विषयाकडे जरा लक्ष देऊन पाहू लागलो. त्यातून जे समजले ते मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

शेजारच्या काकूंच्या दीड वर्षाच्या नातवाला छाती भरल्यामुळे अमॉक्सिसिलिनचे कोरडे औषध दिले होते. या बाटलीत नुसती भुकटी असते. पाणी उकळून, गार करून बाणाच्या खुणेपर्यंत घालायचे, आधी भुकटी हलवून मोकळी करायची, प्रत्येक वेळी देताना बाटली पुन्हा हलवायची आणि एकदा कालवलेले औषध साधारण सात दिवसांनंतर वापरायचे नाही. मी घाईत सांगितले, ‘उकळलेलं पाणी घाला, एक चमचा द्या.’ ‘गार करून’ हे दोन शब्द माझ्या तोंडून राहिले. काकूंनी वाफाळते पाणी ओतले. चमचा म्हणजे त्यांच्या घरातला पोहे खायचा चमचा. झाकणासोबत आलेले खुणांचे माप त्यांनी फेकून दिले होते, कारण ते कशासाठी आहे हे कुणी बोलले नव्हते. बाटली न हलवल्यामुळे वरचे पाणीदार औषध आधी संपले आणि खाली गाळ राहिला. तिसऱ्या दिवशी ताप हटेना म्हणून पोराला पुन्हा न्यावे लागले. नवी बाटली मिळाली, मूल बरे झाले. काकू मला काही बोलल्या नाहीत, ते मात्र अजून लागते.

आता चिठ्ठीकडे पाहू. तीवर बी.डी., टी.डी.एस., एच.एस. अशी अक्षरे असतात. ती इंग्रजीही नाहीत, लॅटिन आहेत, हे मला फार उशिरा कळले. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना. हल्ली बरेच डॉक्टर १-०-१ असे आकडे लिहितात, ते बरे. पण ‘जेवणानंतर १-०-१’ हे ज्याला सांगितले तो माणूस जेवतो केव्हा? ऊसतोडीला गेलेला गडी पहाटे तीन-चारला उठून फडात जातो, दहाच्या सुमारास भाकरी खातो आणि गाडी भरायला लागली तर रात्रीचे जेवण कधी होईल त्याचा नेम नसतो. त्याच्या दिवसात ‘सकाळ’ कोणती? तीनदा घ्यायचे औषध साधारण आठ-आठ तासांनी घ्यावे, म्हणजे रक्तात त्याचे प्रमाण टिकून राहते. हे कारण सांगितले, तर अंगठाबहाद्दर माणूससुद्धा आपल्या कामातून वेळ बसवून घेतो. नुसते ‘तीन टाइम’ म्हटले, की तो तिन्ही गोळ्या दुपारच्या आत उरकतो.

प्रतिजैविके चुकीच्या रीतीने घेतली तर काय होईल याची शंका ती शोधणाऱ्यालाच आली होती. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलीन शोधले. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची हकीकत सांगितली. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलीन विकत घेतो आणि पुरेसे घेत नाही. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आता पेनिसिलीन चालत नाही आणि ती दगावते. औषध नुकते बाजारात येत असताना इतके स्पष्ट बोलायला धैर्य लागते, असे मला वाटते.

येथे एक खुलासा हवा. ‘कोर्स अर्धवट सोडला की जंतू हट्टी होतात’ हे वाक्य आपण सरसकट सगळ्या प्रतिजैविकांना लावतो. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही तज्ज्ञांनी यालाच हरकत घेतली. पुष्कळ साध्या संसर्गांत जरुरीपेक्षा जास्त दिवस औषध घेण्यानेच अंगातले इतर जंतू सरावतात, असे त्यांचे म्हणणे. म्हणून बोलायचे ते असे : डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या, आपल्या मनाने कमी नको, जास्त नको, उरलेली गोळी शेजाऱ्याला नको. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविक चालतच नाही, तेव्हा ते मागूही नये. क्षयाच्या बाबतीत मात्र संशयाला जागा नाही. तेथे औषध मध्येच सोडणे हे रोग्याला आणि त्याच्या घराला खरोखर महाग पडते.

ते आमच्या घराला पडता पडता राहिले. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांना क्षय निघाला. या रोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे एकत्र, पुढचे चार महिने तीन. वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरते आणि त्या रोज एकाच वेळी घ्यायच्या असतात. सरकारी दवाखान्यात हे सारे फुकट मिळते. चुलत्यांना गोळ्या मिळाल्या, ‘सहा महिने चुकवायच्या नाहीत’ हेही सांगितले गेले. एक गोष्ट तेवढी कुणी सांगितली नाही. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी तांबडी-नारिंगी होते, घाम आणि डोळ्यांतले पाणीसुद्धा रंगते, आणि त्यात भिण्यासारखे काही नसते.

दुसऱ्या दिवशी चुलत्यांनी तो रंग पाहिला. त्यांना वाटले रक्त पडते आहे, औषध ‘गरम’ पडले. घरात बोलायची लाज. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि पाकिटे ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवली. चुलतीने विचारले की ‘घेतली’ म्हणायचे. असे तीन आठवडे गेले. शेवटी आशाताई घरी आल्या. त्यांनी ‘गोळ्या घेता का?’ असे विचारलेच नाही. ‘दादा, लघवी लाल होते का हो?’ असे विचारले. चुलते म्हणाले, ‘नाही, आता बंद झाली.’ त्यावरून त्या काय ते समजल्या.

थुंकीचा नमुना पुन्हा तालुक्याला गेला. सीबीनॅट नावाच्या तपासणीत रिफाम्पिसिन जंतूंवर चालते की नाही ते कळते. कागद येईपर्यंत आजी नीट जेवली नाही. औषध चालत होते, आणि उपचार पुन्हा सुरू झाला. न चालते तर अधिक जड औषधांची पाळी होती. पूर्वी असा उपचार दोन-दोन वर्षे चाले आणि त्यातल्या काही इंजेक्शनांनी रोग्याचे कान जात.

पुढे दिवाळीनंतर कोयत्याला जायचे होते. मुकादमाची उचल घेतलेली, थांबणे शक्य नव्हते. मग आशाताईंनी कार्डावरचा नि-क्षय क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून दिला. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात हा दाखवला की तेथेच गोळ्या मिळतील, असे सांगितले आणि चुलत्यांकडून ते वाक्य दोनदा वदवून घेतले. चुलतीला अक्षर येत नाही. कोपीत टांगलेल्या सुतळीला तिने रोज एक गाठ मारली.

हे वदवून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दवाखान्यात शेवटी नेहमी विचारतात, ‘समजलं का?’ आपला माणूस ‘हो’च म्हणणार. मागे रांग उभी असते, समोर शिकलेला माणूस असतो, नाही म्हणायचे म्हणजे आपले अडाणीपण कबूल करायचे. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर मालकिणीला काय सांगाल, मला सांगून दाखवा बघू,’ असे म्हटले तर चूक तेथल्या तेथे उघडी पडते. परीक्षा सांगणाऱ्याची होते, ऐकणाऱ्याला कमीपणा येत नाही. बाह्य रुग्ण विभागात शंभर माणसे असताना डॉक्टरांना एवढा वेळ कोठला, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण हे काम डॉक्टरांनीच करावे असे थोडेच आहे? परिचारिका, औषध देणारा, आशाताई यांना ते जमते, फक्त ते त्यांच्या कामात धरले पाहिजे.

कमी शिकलेली माणसे हे नेटके करू शकतात याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. ज्यांना मोठी मोजणी येत नव्हती त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेला श्वासमापक तयार केला. ही माणसे श्वास मोजून, गरज असेल तरच, कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देत. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्यामुळे घटले आणि १९९० साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

कायद्यानेही काही केले आहे. २०१४ पासून काही प्रतिजैविके व क्षयाची औषधे ‘एच-१’ यादीत आहेत आणि त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराने ठेवायची असते. पाकिटावरची उभी लाल रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका असे सांगते. मी वस्तीवर पाच-सहा जणांना ती रेघ दाखवून अर्थ विचारला. एक म्हणाला, कंपनीची खूण असेल. दुसरा म्हणाला, येथून फाडायचे.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते, त्यात आपण रस्ते झाडतो. पुढच्या शिबिरात एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीबाहेर बसावे, असे मी सुचवले आहे. औषधे आपण सांगायची नाहीत, तो आपला अधिकार नाही. खिडकीतून जे सांगितले गेले तेवढे पाकिटावर मराठीत लिहून द्यायचे, सूर्य नि चंद्र काढायचे, आणि कुणाचा गोंधळ दिसला तर त्याला परत खिडकीकडे न्यायचे. सरांनी विचार करू म्हटले आहे.

परवा काकू पुन्हा बाटली घेऊन आल्या. मी वाचून दाखवले आणि म्हटले, ‘आता तुम्ही सांगा, काकू.’ त्या हसल्या, म्हणाल्या, ‘तू काय मास्तर झालास व्हय?’ मग त्यांनी सांगितले. पाणी गार करायचे त्यांना आठवले, बाटली हलवायचे राहिले. मी पुन्हा सांगितले, त्यांनी पुन्हा म्हणून दाखवले आणि मापाचे झाकण पदराच्या टोकाला बांधून त्या घरी गेल्या.