ठिसूळ मुठी आणि आंखूड हात

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल देण्याचें काम वडीलकीच्या नात्यानें आमच्याकडे आलें. धाकट्या चिरंजीवांचा मुलगा शाळेंत मुष्टियुद्धाच्या तालमीस जातो. वय चौदा. तेथील शिक्षकांनीं निरोप पाठविला कीं, मुलगा नेमानें येतो, पण त्याचे हात उंचीच्या मानानें आंखूड आहेत आणि या खेळाचें उपजत अंग त्याच्या ठायीं दिसत नाहीं. तेव्हां घरच्या मंडळींनीं त्याचा वेळ दुसऱ्या कामीं लावावा हें बरें. निरोप ऐकून घरांत बहुतेकांस आनंदच झाला. थोरल्या सूनबाईंनीं देवापुढें साखर ठेवली असें आम्हांस मागाहून समजलें. मुलगा मात्र दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आमच्या खोलींत येऊन त्यानें विचारलें, "आजोबा, ज्याच्या अंगांत नाहीं त्यानें करूंच नये काय?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हीं आयुष्यभर फार सहज दिलें आहे. आमच्या वर्गांत एकदां एक विद्यार्थी होता. त्याचीं शब्दरूपें तोंडपाठ असत, पण तीं वाक्यांत बसवितांना तो हटकून अडखळे. एके दिवशीं सर्व वर्गादेखत आम्हीं त्याला सांगितलें कीं, बाबा रे, संस्कृत हा तुझा प्रांत नव्हे. दुसऱ्या आठवड्यांत त्यानें विषय बदलला. पुढें त्याचें काय झालें हें आम्हांस ठाऊक नाहीं. आणि ठाऊक नाहीं हीच गोष्ट आतां उतारवयांत अधिक टोंचते. म्हणून नातवाजवळ आम्हीं आठ दिवसांची मुदत मागितली, आणि ज्या खेळाकडे जन्मांत कधीं पाहिलें नव्हतें त्याचा इतिहास वाचावयास बसलों.

काव्यशास्त्रांत हा प्रश्न जुनाच आहे. मम्मटानें शक्ति, निपुणता आणि अभ्यास हीं तीन मिळून काव्याचें एकच कारण मानलें. निरनिराळीं तीन कारणें नव्हेत. त्याच्याही पूर्वींचा दंडी. त्यानें नैसर्गिक प्रतिभेला पहिला मान दिला, परंतु ती नसली तरी श्रमानें उपासना करणाऱ्यावर वाग्देवी कांहीं तरी अनुग्रह करतेच असेंही म्हटलें. हें 'कांहीं तरी' म्हणजे किती, याचा विचार आम्हीं शिकवितांना कधीं केला नाहीं. अमेरिकेंतील जीन टनी या मुष्टियोद्ध्याचें चरित्र वाचतांना तो करावा लागला.

टनीचा जन्म 1897 सालीं न्यूयॉर्क शहरांत झाला. आईबाप आयर्लंडांतून आलेले, वडील गोदीवरचे हमाल, आणि स्वतः टनी एका जहाज कंपनींत कारकून. देहयष्टि चांगली, उंची सहा फुटांवर. तेव्हां निसर्गानें त्याला अगदींच रित्या हातानें पाठविलें होतें असें म्हणवत नाहीं. पण ज्या धंद्यांत मूठ हेंच हत्यार त्या धंद्यांत याच्या मुठी ठिसूळ होत्या, आणि एका ठोशानें प्रतिपक्ष्यास लोळविण्याची जी नैसर्गिक देणगी प्रेक्षकांस वेड लावते ती त्याच्यापाशीं नव्हती. पहिल्या महायुद्धांत तो नौसैनिक दलांतून फ्रान्सला गेला आणि 1919 सालीं तेथील अमेरिकन सैन्याच्या सामन्यांत आपल्या वजनाच्या गटांत पहिला आला. परत आल्यावर एक हिंवाळा त्यानें कॅनडाच्या उत्तर ओंटारिओंतील रानांत लांकूडतोड्या म्हणून काढला. आपण कोण हें तेथें कोणास सांगितलें नाहीं. एकान्त मिळावा आणि कुऱ्हाडीच्या श्रमांनीं शरीर बळकट व्हावें एवढाच हेतु.

त्याची खरी परीक्षा 23 मे 1922 रोजीं झाली. त्या दिवशीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें हॅरी ग्रेब नांवाच्या योद्ध्याशीं त्याचा पंधरा फेऱ्यांचा सामना होता. ग्रेब वजनानें हलका, पण चपळाईंत वाऱ्यासारखा आणि नियमांच्या बाबतींत फारसा सोंवळा नव्हे. पहिल्याच फेरींत टनीचें नाक मोडलें. पुढें भुंवयांवर जखमा झाल्या आणि रक्तानें डोळे भरले. तरी पंधराही फेऱ्या तो उभा राहिला, व हरला. त्याच्या साऱ्या कारकीर्दींतील हा एकच पराभव होय. (ग्रेबचा एक डोळा त्या सुमारास निकामी झालेला होता आणि तो हें जगापासून लपवून लढत असे, ही गोष्ट पुढें उघड झाली. तेव्हां उणीव घेऊन लढणारा त्या रिंगणांत टनी एकटाच नव्हता.)

हा पराभव कोणींही नशिबाच्या किंवा पंचाच्या माथीं मारला असता. टनीनें मात्र पुढें लिहून ठेवलें आहे कीं, या माणसाला आपण जिंकूं शकूं ही जाणीव त्याला त्याच लढतीच्या आरंभीं झाली. आम्हांस हें प्रथम बढाईचें वाटलें. पण विचार केल्यावर दिसतें कीं, मार खात असतां तो ग्रेबचा अभ्यास करीत होता. बेनी लेनर्ड हा हलक्या वजनाचा जगज्जेता. डोक्याकडे न पाहतां छातीखालीं ठोसे द्यावे असा सल्ला त्यानें दिला, आणि वजनानें दुप्पट नसला तरी बराच भारी असलेल्या टनीनें तो विद्यार्थ्याप्रमाणें ऐकला. 1923 च्या फेब्रुवारींत झालेल्या दुसऱ्या सामन्यांत पंचांनीं टनीला विजयी ठरविलें, आणि तो निकाल अनेकांस पटला नाहीं. त्या वर्षाच्या डिसेंबरांत तो पुन्हां जिंकला. एकंदर पांच वेळां ते भेटले. शेवटच्या भेटींत, 1925 सालीं, टनीचें श्रेष्ठत्व उघड दिसत होतें.

पण त्याचें लक्ष्य ग्रेब नव्हता. जॅक डेम्प्से होता. 1919 पासून जगाचा विजेता असलेला हा पुरुष म्हणजे उपजत सामर्थ्याची मूर्तिच. टनीनें त्याचा विचार युद्धसमाप्तीनंतर ऱ्हाइन नदीवर, एका नावेंत, सुरूं केला. बरोबरच्या एका वृत्तपत्रकार सैनिकानें सांगितलें कीं, डेम्प्से म्हणजे जॅक डिलनचीच मोठी आवृत्ति. टनीला लगेच आठवलें कीं, त्या जोरकस डिलनला माइक गिबन्स नांवाच्या कुशल योद्ध्यानें निव्वळ तंत्रानें हरविलें होतें. एवढ्या एका धाग्यावर त्यानें सात वर्षें विणकाम केलें. 1921 च्या जुलैंत जर्सी सिटींत डेम्प्सेचा फ्रेंच योद्धा कार्पांत्ये याच्याशीं सामना झाला. त्याच दिवशीं त्याच रिंगणांत एक दुय्यम लढत टनीचीही होती. कार्पांत्ये हरला, पण दुसऱ्या फेरींत त्याच्या उजव्या हाताच्या ठोशानें डेम्प्से हेलपाटला. लाखभर माणसें तेथें असतील. हा ठोसा मनांत जपून ठेवणारा बहुधा एकच.

23 सप्टेंबर 1926 रोजीं फिलाडेल्फियास एक लाख वीस हजारांवर प्रेक्षकांसमोर दोघे उभे राहिले. त्यापूर्वीं टनी आपल्या तालमीच्या छावणींत सॅम्युएल बटलरची कादंबरी वाचतांना एका बातमीदारास दिसला, आणि ती बातमी देशभर पसरली. डेम्प्सेच्या गोटांत तर सामना जिंकल्यासारखाच आनंद झाला म्हणे. लढाईच्या आधीं पुस्तक वाचणारा माणूस तो काय लढणार! पहिल्या फेरींत टनीनें भ्याल्यासारखा कांहीं वेळ बचाव केला, आणि डेम्प्से निर्धास्तपणें पुढें येतांच कार्पांत्येचा तो उजवा ठोसा त्याला दिला. पुढें पावसांत दहा फेऱ्या झाल्या आणि त्या सर्व टनीच्या ठरल्या.

एक वर्षानें, 22 सप्टेंबर 1927 रोजीं, शिकागोस पुन्हां गांठ पडली. सातव्या फेरींत डेम्प्सेच्या ठोशांच्या माऱ्यानें टनी जन्मांत प्रथमच खालीं पडला. नियम असा कीं पाडणाऱ्यानें दूरच्या तटस्थ कोपऱ्यांत जावें, मग पंचानें अंक मोजावे. डेम्प्से जागेवरच घुटमळला, पंच थांबला, आणि टनीला चार-पांच सेकंद अधिक मिळाले. नवाच्या अंकावर तो उठला. या सेकंदांवर अमेरिकेंत पुढें कित्येक वर्षें वाद चालला. आम्हांस त्यांत रस नाहीं. आम्हांस रस आहे तो उठल्यानंतर त्यानें काय केलें यांत. तो सरळ मागें मागें सरकत राहिला, आणि डेम्प्से त्याला गांठूं शकला नाहीं. कारण तालमींत रोज धांवतांना टनी मैलोगणती उलट्या पावलीं धांवत असे. पडण्याचा प्रसंग येईल आणि त्या वेळीं पायांनींच तारावें लागेल, हें त्यानें आधींच गृहीत धरलें होतें. आठव्या फेरींत त्यानें उलट डेम्प्सेलाच खालीं पाडलें, व सामना जिंकला.

1928 सालीं येल विद्यापीठांत त्यानें शेक्सपिअरवर व्याख्यान दिलें, आणि त्याच वर्षीं अजिंक्य असतांना रिंगण सोडलें. बर्नार्ड शॉशीं त्याचा स्नेह जडला. शाळामास्तरास याचा आनंद होणारच. पण खरें तें सांगितलें पाहिजे. लोकांचें प्रेम हरलेल्या डेम्प्सेवर राहिलें. ज्यानें सर्व कांहीं विचारानें मिळविलें त्याच्याविषयीं आदर वाटतो, जिव्हाळा वाटत नाहीं, असा कांहींसा मनुष्यस्वभाव दिसतो.

आमच्या नातवाच्या कामाचा मात्र टनी नव्हे, तर रॉकी मार्सियानो. हा 1923 सालचा, ब्रॉकटन गांवचा. वडील इटलींतून आलेले, जोड्यांच्या कारखान्यांत कामाला. याला बेसबॉल खेळावयाचा होता. परीक्षेस गेला तेथें फेंक बरोबर जात नाहीं म्हणून परत पाठविला. चोवीस वर्षांचा होईपर्यंत मुष्टियुद्धाचें धड शिक्षण नाहीं. उंची सहा फुटांहून कमी, वजन जेमतेम, पावलें जड. आणि दोन्ही हात पसरले असतां बोटापासून बोटापर्यंतचें अंतर अडुसष्ट इंच. जो लुई याचें तेंच अंतर शहात्तर इंच होतें, म्हणजे वीतभर अधिक. असा मनुष्य न्यूयॉर्कच्या चार्ली गोल्डमन या बुटक्या, वृद्ध वस्तादाकडे आला.

गोल्डमनचें शहाणपण आम्हांस फार मोठें वाटतें. हात लांब होणार नाहींत हें त्यानें पहिल्या दिवशींच मान्य केलें. मग लांब हातांच्या योद्ध्यासारखें उभें राहण्यास त्यानें शिकविलेंच नाहीं. उलट अधिक वांकून, अधिक ठेंगणा होऊन, प्रतिपक्ष्याच्या हातांखालून आंत शिरावयास शिकविलें. तेथें लांब हातांचीच अडचण होते आणि आंखूड हात मोकळे फिरतात. तीन मिनिटांची फेरी पंधरा वेळां त्याच वेगानें लढावी इतका दम मार्सियानोनें रोजच्या धांवण्यानें मिळविला. 23 सप्टेंबर 1952 रोजीं, त्याच फिलाडेल्फियांत, जर्सी जो वॉलकॉटनें त्याला पहिल्याच फेरींत पाडलें. बारा फेऱ्यांअखेर तो गुणांनीं मागें होता. तेराव्या फेरींत एका आंखूड उजव्या ठोशानें त्यानें जगज्जेतेपद घेतलें. एकूण 49 सामने, 49 विजय. 1956 मध्यें तो निवृत्त झाला, आणि 1969 सालीं शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं विमान अपघातांत गेला.

जेम्स ब्रॅडॉकचीही कथा याच मालिकेंत सांगतात. उजवा हात वारंवार मोडलेला, मंदीच्या काळांत गोदीवर हमाली, घरीं सरकारी मदतीवर चूल. आणि 1935 च्या जूनमध्यें, एकास दहा अशी पैज विरुद्ध असतां, मॅक्स बेअरकडून जगज्जेतेपद. घेतलेली मदत त्यानें पुढें परत केली, हें आम्हांस त्या विजयाहून अधिक आवडलें. मात्र बेअरनें त्याला हलकें लेखून तयारीच नीट केली नव्हती. तेव्हां यांत दैवाचाही वांटा आहे. हमाली करतांना दुखऱ्या उजव्याऐवजीं डावा हात राबला आणि त्यामुळें तो बळावला, एवढें मात्र आमच्या विषयाचें.

आतां दुसरी बाजू. याच रीतीनें झटून कांहींच न मिळालेले किती असतील त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. शिवाय हा खेळ डोक्यावर मार घेण्याचा. त्याचे परिणाम मेंदूवर होतात हें आतां वैद्यक निश्चितपणें सांगतें. सूनबाईंची साखर अगदींच अस्थानीं होती असें आम्ही म्हणणार नाहीं.

नवव्या दिवशीं आम्हीं नातवाला बोलाविलें. त्याच्या आजीची शिवणकामाची मोजपट्टी घेऊन त्याला भिंतीशीं हात पसरून उभा केला आणि मोजलें: उंची एकसष्ट इंच, हात साठ. हा आंकडा त्यानें वहींत लिहिला. शिक्षकांस आम्हीं चिठ्ठी दिली कीं, मुलगा या वर्षअखेरपर्यंत येईल; डोक्यावर मार घेण्याचे सामने तूर्त खेळणार नाहीं; आणि आंखूड हाताच्या माणसानें कसें उभें राहावें तें त्याला कृपा करून शिकवावें. शिक्षकांचें उत्तर अजून आलेलें नाहीं. मुलगा सकाळीं अंगणांत उलट्या पावलीं धांवतो, आणि काल तुळशीवृंदावनाला धडकून त्याच्या टांचेला खोंक पडली.